शेवंतीचा पावा आणि पलीकडची हाक

रुपेरी नदीच्या काठी, केवड्याच्या बनाला लागून, एक इवलीशी झोपडी होती. इतकी इवलीशी, की आत पाय पसरले तर अंगठे बाहेर उन्हात यायचे. तिथे शेवंती राहायची आणि तिचे आबा राहायचे. राहायचे म्हणजे काय, आबा रात्री पाठ टेकायला यायचे, एवढंच. आबा म्हणजे केरबा नावाडी. त्यांचा सारा दिवस नदीवर जायचा. शेवंतीची आई ती तान्ही असतानाच देवाघरी गेली होती. त्यामुळे शेवंती भाकरी एकटी खायची, वेणी एकटी घालायची, आणि वेणी वाकडी झाली तर हसायचीही एकटीच.

नावाड्याच्या घरचा एक रिवाज होता. पलीकडच्या काठावरून कुणी "ओ नाववालेऽऽ" अशी हाक मारली, की हातातलं काम टाकून "आलोऽऽ" म्हणायचं आणि निघायचं. मग हाक सरदाराची असो, नाहीतर शेळीवाल्याची. शिवाय नावेत बसलेल्या माणसाला नदीत कधी खोळंबून ठेवायचं नाही. आबांनी आजवर कुणालाच ठेवलं नव्हतं. शेवंतीच्या अंगातही तो रिवाज असा मुरला होता, की कुणी कुठूनही हाक मारली की आधी तिच्या तोंडून "आलेऽऽ" निघायचं आणि मग ती वळून बघायची, हाक नक्की कुणाला होती ते!

आबांनी तिला बांबूचा एक पावा करून दिला होता. झोपडीत फार सुनंसुनं वाटलं की ती पावा वाजवायची. नदीपलीकडच्या गावात, बकुळीच्या बागेत, सुमतीबाई मुलांचा वाद्यवृंद बसवायच्या. एकदा वाऱ्यावरून तो पावा त्यांच्या कानी आला आणि त्यांनी शेवंतीला बोलावून घेतलं. तिथे व्हायोलिन होतं, पेटी होती, किणकिणता जलतरंग होता, ढोलकी होती. वाजवताना शेवंती सगळ्यांमधली एक व्हायची. पण तालीम संपली की कुणाची आई यायची, कुणाचे बाबा यायचे, कुणी पाठीवर थाप मारायचं, कुणी खाऊ काढायचं. शेवंती मात्र घाटाच्या पायरीवर बसून राहायची, आबांची शेवटची खेप होईपर्यंत. बकुळीची फुलं टपटप पडत राहायची आणि ती उगाचच ती वेचत बसायची.

एके दिवशी सुमतीबाई म्हणाल्या, "यंदाच्या जलशाची सुरुवात शेवंती करणार. आधी तिचा एकटीचा पावा, आणि मग आपण सगळे."

शेवंतीला कधी एकदा घरी जाते असं झालं. नावेत पाय टाकताटाकताच तिने आबांना सांगितलं.

"आबा, जलशात आधी मी एकटी वाजवणार. तुम्ही याल ना?"

आबा वल्हं मारत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं."

"याल ना पण?"

"त्या दिवशी आपल्या काठचा सारा गाव पलीकडं न्यायचा, पोरी. कुणी मागं राहिलं आन् हाक मारली तर? मला न्हाई जमायचं."

एवढंच. ना शाबासकी, ना काही. शेवंती पाण्याकडे तोंड करून बसली. आबांना माझं काहीच कौतुक नाही, असं तिला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केवड्याच्या बनात काटक्या वेचत होती. पानापानावर दवाचे थेंब लुकलुकत होते. तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून एक हाक आली, मधमाशीच्या गुणगुणीएवढी.

"ओ नाववालेऽऽ!"

"आलेऽऽ!" शेवंती म्हणाली आणि गुडघाभर पाण्यात उतरलीसुद्धा.

पलीकडे गवताच्या पात्यावर एक परी बसली होती. करंगळीएवढी! तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक होते आणि त्यांच्या कडांवर सोनेरी, हिरवी, जांभळी झिलई होती. पण पंख दवाने चिंब भिजले होते.

"पहाटेपासून हाका मारतेय गं," परी म्हणाली. "बगळ्याला हाक मारली, तर तो ध्यान लावून बसलेला. खेकड्याला मारली, तर तो तिरकाच निघून गेला."

शेवंतीने तिला अलगद ओंजळीत घेतलं, ओढा ओलांडला आणि उन्हातल्या दगडावर ठेवलं. फुंकर घालघालून पंख सुकवले. मग परीने केवड्याच्या पानावरचे तीन थेंब टिपले. बघता बघता त्यांचे तीन चकचकीत मणी झाले.

"हे घे. एक मणी फोडायचा आणि एक इच्छा मागायची. पण नियम नीट ऐक हं. मी नवीन काही बनवत नाही. जे देईन ते कुठून तरी आणीन. आणि जिथून आणीन, तिथली जागा रिकामी होईल."

शेवंतीने मान हलवली. नियम ऐकला खरा, पण मणीच इतके सुंदर होते की त्याचा विचार कोण करतो!

तिने आपल्या ठिगळांच्या परकराकडे बघितलं, एक मणी फोडला आणि म्हणाली, "जलशासाठी मला रंगीबेरंगी परकर हवा."

आणि काय सांगू! मोरपंखी, हळदी, डाळिंबी, आभाळी, असा रंगच रंग अंगावर उतरला. शेवंतीने आनंदाने गिरकी घेतली. गिरकी थांबली तेव्हा तिला समोरच्या झुडपावर फुलपाखरं दिसली. सगळी पांढरीफटक, कोऱ्या कागदाच्या तुकड्यांसारखी. ती फुलांवर जात नव्हती. पानांच्या आड लपून बसली होती.

"अगं बाई," शेवंती म्हणाली. तिने दुसरा मणी फोडला. "ज्यांचे रंग त्यांना परत दे."

रंग भुर्रकन उडून गेले. झुडूप पुन्हा लखलखलं. शेवंतीच्या अंगावर जुना परकर आला, आणि या खेपेला तिला एक ठिगळ जास्तच वाटलं. तिसरा मणी तिने ओच्यात घट्ट बांधला.

जलशाची संध्याकाळ आली. बकुळीच्या बागेत आकाशकंदील लागले. आबांनी खेपांवर खेपा करून सारा गाव आणून उतरवला. पहिल्या रांगेत मुलांच्या आईबाबांच्या खुर्च्या होत्या. सगळ्या भरल्या, एक सोडून. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. इतकी माणसं आणि तिचं असं एकही नाही. शेवंतीने ओचा सोडला, मणी मुठीत फोडला आणि हळूच म्हणाली, "आबा इथे बसायला हवेत."

डोळे उघडले तर आबा खुर्चीत! धुतलेला सदरा, नवा पटका आणि ओठांवर गोड हसू. शेवंतीचं काळीज सुपाएवढं झालं. सुमतीबाईंनी हात उचलला. तिने पावा ओठांना लावला आणि पहिला सूर बागेत तरंगत गेला.

आणि नदीपलीकडून हाक आली. "ओ नाववालेऽऽ!"

"आलेऽऽ!"

पावा थांबला होता आणि शेवंती भर जलशात ओरडली होती! अख्खी बाग खदखदून हसली. तिचे कान लाल झाले. मग तिने आबांकडे बघितलं. आबा तसेच हसत बसले होते. त्यांना हाक ऐकूच आली नव्हती.

पुन्हा हाक आली. म्हातारी, थकलेली. आबा हलले नाहीत. तेव्हा तिला परीचा नियम आठवला. तिने आबांना नदीवरून आणलं होतं, आणि नदी नावाड्याविना रिकामी झाली होती. गप्प बसलं असतं तर जलसा संपेपर्यंत आबा तिचे होते. कुणी काही म्हणणार नव्हतं.

शेवंती खाली उतरली आणि आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, हाक आलीय."

आबा दचकले. चेहऱ्यावरचं हसू विरलं. "हाक? आन् मला कशी गं ऐकू न्हाई आली?" ते उठले. मग घुटमळले. "पर तुझं वाजवणं..."

"तुम्ही जा, आबा. कुणीतरी थांबलंय."

आबा गेले. खुर्ची पुन्हा रिकामी झाली. मणी संपले होते. शेवंती जागेवर आली, तेव्हा कुणीही हसत नव्हतं. तिने पावा उचलला आणि त्या रिकाम्या खुर्चीसाठीच वाजवला. इतकं एकटं तिला झोपडीतही कधी वाटलं नव्हतं, आणि ते सगळं एकटेपण सुरात उतरलं. मग व्हायोलिन आलं, जलतरंग आला, ढोलकी आली आणि एकट्या सुराला साऱ्यांनी मधे घेतलं. संपलं तेव्हा टाळ्यांचा पाऊस पडला. शेवंती मात्र वाकून नमस्कार करून तडक घाटावर गेली.

नाव काठाला लागत होती. आबांनी हाक मारणाऱ्या हौसाआजीला हात धरून उतरवलं. आजी काठी टेकत शेवंतीपाशी आली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"तूच ना गं ती? गुडघ्यांनी उशीर केला माझ्या, नाहीतर पहिल्या खेपेलाच येणार हुते. महिनाभर हा केरबा नावेत बसंल त्याला सांगतुय, माझी पोरगी पहिली वाजवणार, एकटी वाजवणार, जलशाला या! कान किटले आमचे."

शेवंतीने आबांकडे बघितलं. आबा नावेची दोरी बांधत होते, बांधलेलीच पुन्हा बांधत होते.

"आन् आज काय केलं ठावं हाय?" आजी म्हणाली. "मधे धारेत वल्ही वर घेतली आन् नाव थांबवली! मी म्हटलं, का रं थांबलास? तर मला म्हणतो, आजी, जरा दम धरा. माझी शेवंती वाजवतीय."

आबांनी नावेतल्या माणसाला खोळंबून ठेवलं होतं! शेवंती धावत पाण्यात शिरली आणि आबांच्या कमरेला मिठी मारली. आबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते नदीचं नव्हतं.

"पार धारेपर्यंत ऐकू आलं, पोरी," ते म्हणाले. "एकूण एक सूर. नदी तेवढा वेळ खळाळलीच न्हाई बघ."

वल्ह्याच्या टोकावर काहीतरी चमकलं. परी बसली होती.

"नदीने आपली खळखळ थांबवली, वाऱ्याने सळसळ थांबवली, फुलपाखरांनी पंखसुद्धा मिटले," ती शेवंतीच्या कानाशी कुजबुजली. "हे मी कुठूनही आणलं नाही हं. त्यांनी आपणहून दिलं." तिने पंख पसरले. त्यांतून सोनेरी, हिरवा, जांभळा उजेड पाण्यावर सांडला, लाटेलाटेवरून लुकलुकत पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच विरून गेला.

झोपडी अजून इवलीशीच आहे. पण पलीकडून आता "ओ नाववाले" अशी हाक कुणी मारत नाही. सगळे म्हणतात, "ओ शेवंतीचे आबाऽऽ!" आणि खरं सांगू? आबांना पहिल्या हाकेलाच ऐकू येतं. तरी कधी कधी ते मुद्दाम दुसरी हाक येईपर्यंत थांबतात.