दाराकडची बाजू

“…मग हिदायतला तुम्ही सांगताय, का मी सांगू?”

अभिनंदन मगदूमनं हे विचारलं तेव्हा नबीलाल वस्तादांनी डोळे मिटलेले होते. झोपले नव्हते. थकले होते.

कोल्हापुरात, उद्यमनगराच्या मागच्या बोळात वस्तादांचं घर. पुढं एवढंसं अंगण, वर पत्रा. मी शेजारचा. एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंग फिरवलं, आता घरी पंख्याखाली पडलो की सून केरसुणी घेऊन येते आणि पाय उचला म्हणते. म्हणून दुपारचा मी वस्तादांच्या अंगणात असतो. म्हणून हे सगळं ऐकायला मिळालं.

अभिनंदन वस्तादांचा शिष्य. हिदायत वस्तादांचा मुलगा. दोघं एकाच दिवशी हाताखाली आले, त्याला बावीस वर्षं झाली. पुढं वस्तादांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, आणि गॅरेज दोघांच्या हवाली झालं. तेव्हापासून वस्ताद या अंगणात.

आणि तेव्हापासून अभिनंदन पुढं, हिदायत मागं.

अभिनंदन कॉम्प्युटर लावून गाडीचा रोग सांगायला शिकला. हिदायत अजून बॉनेटवर कान टेकून इंजिन ऐकायचा. सकाळी उशिरा यायचा. दिवसातनं तीनदा हातातलं काम टाकून ‘घरी जाऊन येतो’ म्हणून निघायचा. अभिनंदननं त्याला नव्या गाड्यांच्या क्लासला घातलं, तर आठव्या दिवशी क्लास सुटला.

अभिनंदनचं काही खोटं नव्हतं. किती दिवस एकानं ओढायचं? त्यानं हायवेला जागा बघितली होती, एकट्यासाठी.

आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांत एक रीत आहे. स्वतःचं दुकान टाकायचं तर वस्तादाच्या हातून पाना घेऊन निघायचं. पाना न घेता गेलेल्याला लोक पळालेला म्हणतात, आणि ते नाव मरेपर्यंत पुसत नाही. अभिनंदनला तो पाना आज पाहिजे होता. बोलणं निवांत व्हावं म्हणून हिदायतला त्यानं सकाळीच एका बंद पडलेल्या गाडीमागं इचलकरंजीला पाठवलं होतं.

“वस्ताद… ऐकताय न्हवं?”

“सीट झाली का?” वस्तादांनी डोळे न उघडता विचारलं.

अभिनंदनचा चेहरा उतरला. सीट झाली नव्हती. टेम्पोत घालून तो ती बरोबरच घेऊन आला होता. अंगणात उलटी ठेवली होती, बाजूला बॅटरी.

सीट किणीकर डॉक्टरीणबाईंच्या जुन्या गाडीची. बटन दाबलं की मागंपुढं सरकणारी. खाली मधोमध मोटर, मोटरपासून दोन्हीकडं एकेक फिरती तार, तारेच्या टोकाला एकेक दातेरी चाक. चाकं फिरली की सीटच्या दोन्ही बाजू आपापल्या रुळावरून सरकतात. दोन्ही सारख्या सरकल्या तर सीट सरळ. इथं दाराकडची बाजू मागं राहत होती. सीट तिरकी होऊन अडकायची, आणि बाई तशाच तिरक्या बसून रोज पाच-सहा खेड्यांतल्या दवाखान्यांना जायच्या. पाठीचं पार मातेरं झालं म्हणत होत्या.

अभिनंदननं ती तीनदा खोलली होती. पहिल्यांदा मोटर बदलली. मग तारा बदलल्या. तिसऱ्यांदा मागं राहिलेली बाजू हातानं ओढून पुढच्या बाजूच्या रेषेत आणली आणि तशीच बसवली. दर वेळी चार दिवस सरळ. पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. चाकं आता कुठं मिळत नव्हती, कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं.

आता त्यानं वैतागून ठरवलं होतं. मोटर काढून टाकायची आणि सीट एका जागी वेल्ड करायची. हलणार नाही, पण वाकडीही होणार नाही. गॅरेजचंही तसंच करायचं म्हणाला. एकट्याचं असलं की तिरकं व्हायचा प्रश्नच नाही.

वस्तादांनी डोळे उघडले.

“सुलटी कर.”

अभिनंदननं सीट सुलटी केली.

“हात फिरव.”

“कुठं?”

“कापडावरनं.”

अभिनंदननं हात फिरवला. एका कडेचं कापड नवंकोरं होतं. दाराकडच्या कडेचं पार विरलं होतं, आतला फोम बसला होता.

“बाई गाडीत कशा बसत्यात?”

सीट तीनदा खोलली गड्यानं, पण बाईंना बसताना एकदाही बघितलं नव्हतं.

बाई बोळाच्या तोंडाशीच राहतात, मला माहीत होतं. मीच सांगितलं. बाईंचा खुबा दुखतो. दार धरतात आणि अंग दाराकडच्या कडेवर टाकून देतात. तिथंच थोडा दम खातात. मग एकेक पाय आत घेतात. उतरतानाही तसंच.

“दिवसातनं?” वस्तादांनी मला विचारलं.

“दहा-बारा वेळा तरी.”

बोळातनं एक भंगारवाला ओरडत गेला.

“चाकं काढ,” वस्ताद म्हणाले.

अभिनंदननं चाकं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. दाराकडच्या चाकाचे दाते झिजून गुळगुळीत झालेले. आतल्या बाजूचं चाक काल आणल्यासारखं.

“अदलाबदल कर.”

“म्हणजे झिजलेलं चांगल्या बाजूला घालू? वस्ताद, चांगली बाजू का बिघडवायची?”

“चांगली हाय?”

“आहेच की. एकदा तरी मागं राहिली का?”

“कशानं न्हाई राहिली?”

अभिनंदननं दोन्ही चाकं उचलून उजेडात धरली. आतल्या बाजूवर कधी भारच पडला नव्हता. मला त्याची दया आली, खरं सांगतो. हुशार माणसाला असं ओशाळलेलं बघवत नाही.

“आणि बसवायच्या आधी,” वस्ताद म्हणाले, “दोन्ही बाजू पार मागं ने. टोकाला टेकव.”

“पुढं गेलेलीपण?”

“ती आधी.”

मोटरशिवाय ती बाजू मागं न्यायची म्हणजे हातानं एकेक आटा फिरवायचा. अभिनंदन जमिनीवर मांडी घालून बसला. मधे दोनदा म्हणाला, एवढं मागं कशाला, मधेच दोन्हींची रेषा जुळवतो की. वस्तादांनी बोटानं मागचं टोक दाखवलं. तासभर गेला. शेवटी दोन्ही बाजू टोकाला टेकल्या. तिथं नजरेनं काही जुळवायला लागलंच नाही. त्यानं चाकं बदलून बसवली, तारा जोडल्या, बॅटरी लावली आणि बटन दाबलं.

सीट सरळ पुढं गेली, सरळ मागं आली. त्यानं मला बसवलं, दाराकडच्या कडेवर रेलायला लावलं, वीस-पंचवीस वेळा पुढंमागं केलं. तसूभर तिरकी झाली नाही.

अभिनंदननं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आता गडी खुलला. खुलला की त्याला जरा जास्तच कळायला लागतं, हा त्याचा जुना रोग.

“कळलं वस्ताद,” तो म्हणाला. “तुम्ही सीटचं सांगतच नव्हता. माझं आणि हिदायतचं सांगत होता.”

“मी सीटचंच सांगत हुतो,” वस्ताद म्हणाले. “हिदायतचं सांगायला जोर कुठनं आणू, बाबा…”

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. इतका दमलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आयुष्यभर माणसं शिकवली, आता शिकवायचाही कंटाळा आलेला.

मग अभिनंदननं सरळच सांगितलं. हिदायतचं वाईट चिंतत नाही, गॅरेज त्यालाच राहू दे, हत्यारं राहू देत. पण हायवेच्या जागेचं पक्कं केलंय, मला माझ्या चालीनं जाऊ द्या. सीट झाली, आता पाना द्या.

तो वाकला. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

वस्तादांनी उजवा हात पुढं केला.

हात रिकामा होता.

अभिनंदनला काही समजेना. मला समजलं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजची वेळ झाली होती. या वेळेला रोज हिदायत येतो, आणि आज तो इचलकरंजीला होता.

“नळाकडं न्हे,” वस्ताद म्हणाले. “हातपाय धुवायचंत.”

मी उठायला लागलो. वस्तादांनी नजरेनं मला बसवलं.

अभिनंदननं हात धरून ओढलं, तर वस्ताद जागचे हलले नाहीत. मग काखेत हात घातला. मग खाली बसून त्यांचा लुळा हात स्वतःच्या मानेवरून घेतला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठला. वस्ताद जुन्या हाडाचे, अंगानं दांडगे. निम्मं अंग मेलेलं, त्याचा सगळा भार अभिनंदनच्या खांद्यावर.

नळ अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. चौदा-पंधरा पावलं. एक पाय टाकायचा, लुळा पाय ओढून घ्यायचा, थांबायचं. पाचव्या पावलाला अभिनंदनला धाप लागली. सातव्याला तो वाकला.

“रोज?” त्यानं मला विचारलं. वस्तादांना नाही, मला.

मी म्हटलं, “सकाळी अंघोळीला. दुपारी जेवायला उठवून बसवायचं. मग या वेळेला. परत दिवेलागणीला, परत झोपताना. रोज.”

“हिदायत मला बोलला नाही कधी…”

“तू विचारलंस कधी?” मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण राहवलं नाही.

अभिनंदन अंगणाच्या मधोमध उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वस्तादांनी घाई केली नाही. त्याचा दम खाली बसेपर्यंत सगळं अंग त्याच्यावर टाकून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले,

“चल की, अभ्या… तुझ्या चालीनं चल.”