पुस्तक रिकामं न धाडणारी तानूबाई

फार फार वर्षांपूर्वी, हिवरदऱ्याला अजून सडक पोचली नव्हती आणि साहेब लोक बैलगाडीनं यायचे, त्या काळी गावात तानूबाई राहायची. बाकीची गावं आपल्या शूरांच्या गोष्टी सांगतात. हिवरदरा सांगतो ती एका भित्रीची. लेक शिंकली की तानूबाईच्या पोटात गोळा यायचा आणि दिवसभर शिंकली नाही की त्याहून मोठा यायचा, असं म्हणतात.

तानूबाई शाळा झाडायची आणि शाळेचा रांजण भरायची. माहेरी ती तिसरीपर्यंत शिकली होती, पण ते शिक्षण आपल्याला आलंय की नुसतंच झालंय, याची तिला कधी खात्री नव्हती.

शाळा एका खोलीची, आणि तिला भिकाजी गुरुजी एकटेच. खोलीत सागवानी कपाट होतं आणि कपाटात गोष्टींची एक्केचाळीस पुस्तकं. ती कुणी पाहिलीच नव्हती. पुस्तक म्हणजे सरस्वती. तिला पाय लागला तर पाप, आणि पान फाटलं तर वर जाब. म्हणून गुरुजी किल्ली करदोट्याला बांधत आणि गाव दर दसऱ्याला कपाटाला हळदकुंकू वाही. वाहता वाहता कुंकवाचा थर एवढा चढला की दाराची फट बुजली. आपण दार आहोत हेच ते दार विसरलं, असं म्हणतात.

तानूबाईची लेक सुंद्री दुसरीत होती. धडा खडाखडा म्हणण्यात वर्गात पहिली. एके दिवशी ती अंगणात वाचत बसली होती आणि तानूबाई गोवऱ्या थापत होती. सहज मान वर केली, तर चित्रातला बैल आभाळाकडं पाय करून उताणा. पोरीनं पुस्तक उलटं धरलेलं!

"सुंद्रे, पुस्तक फिरव की."

"कशाला, आये? धडा तर त्योच हाय."

तानूबाईच्या हातातलं शेण गळून पडलं. पोरीला वाचता येत नव्हतं, नुसतं पाठ होतं. मग शाळा झाडता झाडता तिनं कान दिला, तर सगळीच पोरं तशी. वर्षभर तेच एक पुस्तक म्हणून म्हणून ते भिंतींनाही पाठ झालं होतं. कुणी पाचव्या धड्यात चुकलं की आढ्यावरची पाल चुकचुकायची, असं म्हणतात.

त्यातच माघात शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी कपाट पाहिलं, कुंकू पाहिलं. म्हणाले, "पुस्तकं वाचायला पाठवली होती की पूजेला? होळी झाली की येतो. तोवर मुलं वाचताना दिसली नाहीत, तर हे कपाट नदीपलीकडच्या शाळेत नेईन."

गावाला वाटलं, देव चालला. तानूबाईला वाटलं, सुंद्रीला पाठ नसलेलं एकही पुस्तक आता गावात उरणार नाही, आणि मग पोर जन्मात वाचायची नाही.

ती गुरुजींकडं निघाली. तीनदा अर्ध्या वाटेतून मागं फिरली आणि चौथ्यांदा पोचली.

"गुरुजी, पोरांना येक येक पुस्तक घरी द्या की."

"आणि फाटलं तर? चुलीत पडलं तर? शेळीनं खाल्लं तर?"

हे सगळं तानूबाईचं आधीच भिऊन झालं होतं. शेळीचं तर दोनदा.

"खाईल बी, गुरुजी. पण फुटंल म्हणून शेजारणीला वाटी द्यायचं कुणी थांबतं का? आन् वाटी रिकामी म्हागारी येती का? कायतरी घालूनच येती."

"पुस्तक म्हणजे काय आमटीची वाटी आहे, तानूबाई?"

"ते मला काय कळतंय? मी तिसरी शिकलेली."

गुरुजींना हसू फुटलं. त्यांनी खुरप्यानं कुंकू खरवडलं. दार असं करकरलं की डोंगरातले मोर ओरडायला लागले, असं म्हणतात.

"एकच देतो. तुझ्या सुंद्रीला. तुझ्या जबाबदारीवर."

जबाबदारी! तानूबाईनं शेळी नेऊन जावेच्या गोठ्यात बांधली आणि मायलेकी रोज अंगणात पुस्तक घेऊन बसू लागल्या. हे पुस्तक कुणालाच पाठ नव्हतं, त्यामुळं आता अक्षराकडं बघावंच लागे. तानूबाई अक्षराखाली बोट ठेवायची आणि बोट थरथरायचं.

"आये, बोट गप ठेव ना!"

पाचव्या दिवशी सुंद्री किंचाळली, "का... स... व! आये, ह्यात कासव हाय!"

ती अशी किंचाळली की बसलेल्या गाई उठून उभ्या राहिल्या आणि विहिरीतले पोहरे न ओढताच वर आले, असं म्हणतात.

नवव्या दिवशी पुस्तक परत द्यायचं होतं. रिकामं कसं धाडायचं? तानूबाईनं पुस्तकावर तिळाचा लाडू ठेवला. डाग पडेल म्हणून काढला. खाली पळसाचं पान घालून पुन्हा ठेवला. आणि सुंद्रीनं तो वाटेतच खाल्ला.

गुरुजींनी पान न् पान तपासलं. मग गमतीनं म्हणाले, "काय गं, तुझी आई म्हणत होती पुस्तक रिकामं यायचं नाही. काय आणलंस?"

सुंद्रीच्या ओठाला तीळ चिकटलेले. वर्ग खदखदला. पोर भ्याली, आईवरच गेली होती. भ्याली आणि तोंडाला येईल ते सांगत सुटली, "येक कासव होतं. त्याला डोंगरापल्याडचं तळं बघायचं होतं..." कासव निम्मा डोंगर चढलं आणि ती थांबली.

"मग? पोचलं का न्हाई?" पोरं ओरडली.

"पुस्तकात हाय."

त्या एका पुस्तकावर पोरं अशी तुटून पडली की गुरुजींना ते घेऊन टेबलावर चढावं लागलं, असं म्हणतात. त्या दिवशी करदोट्याची किल्ली सुटली ती सुटलीच. नियम एकच ठरला. पुस्तक न्यायचं, परत येताना गोष्ट आणायची, पण शेवट सांगायचा नाही.

मग काय विचारता! पोरं म्हशींच्या पाठीवर बसून वाचायला लागली, आणि पान उलटेपर्यंत म्हशी पाय उचलीनात. पारावरचे म्हातारे शेवटासाठी नातवंडांच्या हातापाया पडायला लागले. एक पुस्तक शेळीनं खाल्लंच. तानूबाई दोन दिवस जेवली नाही. पण ते वाचलेल्या अकरा पोरांनी बसून ते पुन्हा लिहून काढलं, आणि मूळच्यापेक्षा त्यात दोन वाघ जास्त निघाले.

होळी झाली. साहेब आले. कपाट उघडतात, तर आत ठणठणाट!

"गुरुजी, पुस्तकं विकलीत की काय?"

गुरुजी करदोट्याला नसलेली किल्ली चाचपू लागले. तानूबाई झाडू घेऊन दाराआड उभी होती. तिला पळून जायचं होतं, पण पाय इतके लटपटत होते की पळताही येईना. म्हणून ती बोलली, असं म्हणतात.

"साहेब, पुस्तकं घरोघर वाचायला गेल्यात. पोरांनाच इचारा."

साहेबांनी पिशवीतून स्वतःचं नवंकोरं पुस्तक काढलं आणि पुढं बसलेल्या पोरीच्या हातात दिलं. ती सुंद्री होती. सुंद्री वाचू लागली. पहिल्या ओळीत अडखळली. दुसरीत थांबली, मागं गेली, पुन्हा आली. गुरुजींनी कपाळाला हात लावला. दाराआड तानूबाई मात्र रडता रडता हसत होती. पाठ असतं तर पोर अडखळली असती का?

पान संपलं आणि सुंद्रीनं पुस्तक मिटलं.

"मग? पुढं काय झालं?" साहेब म्हणाले. त्यांचंच पुस्तक होतं, तरी.

कपाट हिवरदऱ्यातच राहिलं. नदीपलीकडच्या शाळेला साहेबांनी दुसरं धाडलं. तानूबाई ब्याण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत कशा ना कशाला भीत राहिली.

आजही जूनमध्ये हिवरदऱ्याची शाळा उघडते, तेव्हा पहिलीच्या पोरांचं पहिलं पुस्तक पोरांना देत नाहीत. ते त्यांच्या आयांच्या पदरात घालतात. त्याला तानूबाईची ओटी म्हणतात. दरवर्षी एखादी तरणी आई पदर पसरते आणि हळूच विचारते, "मला जमंल का हो? वाचून दाखवताना मीच चुकले तर?"

"भ्यालीस व्हय गं?" म्हाताऱ्या बाया विचारतात. ती मान हलवते.

"मग धर. हितं पहिलं पुस्तक भ्यालेलीलाच देत्यात."