पिवळ्या नावेची धार

तळ्याकाठी वसलेल्या एका गावात दिगंबर नावाचा एक कासार राहत होता. बाजारपेठेत त्याचे बांगड्यांचे दुकान होते. हात इतका हलका की कितीही अवघड मनगट असो, बांगडी न पिचता चढायची. बायका दुसऱ्या कासाराकडे जातच नसत. पण दिगंबरचा जीव बांगड्यांत नव्हता. तो होता त्याच्या पिवळ्या नावेत.

नाव हातभर लांबीची होती. बॅटरीवर चालायची, रिमोटने पळायची आणि पाण्यावर अशी सुटायची की बघणाऱ्याची नजर मागे राहायची. त्या गावाला या नावांचे वेडच होते म्हणा ना. धंदेवाईक, नोकरदार, म्हातारेकोतारे, सगळे रविवारी तळ्यावर. वर्षातून एकदा तिथे मोठी शर्यत भरायची.

या नावांना एक दुखणे असते. बॅटरीतली वीज मोटरला बेताने देणारी एक छोटी डबी नावेच्या पोटात बसवलेली असते. नाव जोरात पळू लागली की डबी तापते. तिला गार ठेवायला नावेच्या तळाशी एक बारीक भोक असते. पळताना त्यातून तळ्याचे पाणी आत शिरते, नळीतून डबीला वळसा घालते आणि नावेच्या एका बाजूने बारीक धार होऊन बाहेर पडते. धार चालू आहे तोवर डबी सुखरूप. भोकात शेवाळ अडकले, धार थांबली आणि मालकाने तरीही वेग सोडला नाही, तर डबी जळालीच म्हणून समजा.

गंमत अशी की ही धार मालकाला दिसत नाही. तो उभा असतो बंधाऱ्यावर. तिथून सुटलेली नाव पार दूर तरंगणाऱ्या मडक्याला वळसा घालून परत बंधाऱ्याकडे येते. जाताना ती मालकाला पाठ दाखवते, येताना नाक. तिची बाजू दिसते ती घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहणाऱ्याला. म्हणून गावात रीत पडली होती. प्रत्येक मालक आपले एक माणूस रुमाल देऊन घाटावर उभे करी. धार थांबलेली दिसली की त्या माणसाने रुमाल वर करायचा. रुमाल वर झाला की मालकाने नाव जागीच थांबवायची आणि त्याची शर्यत तिथेच संपायची. नियम कडक होता, पण त्याने पुष्कळ डब्या वाचवल्या होत्या.

दिगंबरने मात्र घाटावर कधी कोणाला उभे केले नाही. "माझी नाव, माझे डोळे पुरेत," असे तो म्हणे. डोळे पुरत नव्हते हे उघडच होते, कारण डब्या एकामागून एक जळत होत्या. पहिली जळाली तेव्हा त्याने उन्हाला दोष दिला. नंतर बॅटरीला दिला, मग डबी बनवणाऱ्याला. दोष द्यायला वस्तू उरल्या नाहीत तेव्हा पाळी माणसांवर आली.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्याची नाव सर्वांत पुढे असताना तिच्यातून धुराची रेघ निघाली आणि ती भर तळ्यात बंद पडली. दिगंबरच्या दुकानासमोरच बाबालाल तांबोळ्याचे पानाचे दुकान होते. तो बिचारा आपली नाव सोडून होडीत बसला आणि दिगंबरची नाव काठावर घेऊन आला. दिगंबर चारचौघांत म्हणाला, "यानेच माझ्या नावेला काहीतरी केलंय."

बाबालालने नाव खाली ठेवली आणि तो निघून गेला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. दिगंबरला पानाची तल्लफ आली की तो समोरचे दुकान टाळून थेट वेशीपर्यंत चालत जाई. पाय दुखत, पण मान ताठ राही.

या वर्षी त्याने नवी डबी बसवली. वेग वाढावा म्हणून नावेच्या मागचा पंखाही मोठा लावला. त्याची बायको इंदुमती हे सगळे बघत होती.

"ही डबी शेवटची," ती म्हणाली. "ही जळाली की नाव माळ्यावर जाईल. परत खाली यायची नाही. त्या जळक्या वासाचं मला काही नाही. पण डबी जळाली की तुम्ही घरात कुणाशी धड बोलत नाही, ते आता सोसवत नाही."

दिगंबरने शब्द दिला. नावेशिवाय रविवार कसा काढायचा, हे त्याला कळेना.

"मग मी उभी राहू का घाटावर?" इंदुमतीने विचारले.

"तुला काय कळतंय त्यातलं?" दिगंबर म्हणाला. तिने पुन्हा विचारले नाही.

शर्यतीचा दिवस आला. शेवटच्या फेरीला तीन नावा उरल्या. दिगंबरची पिवळी, बाबालालची तांबडी आणि देवळातल्या आप्पा गुरवांची निळी. आप्पांची नाव त्यांच्यासारखीच होती, कशाचीच घाई नसलेली. आधीच्या फेऱ्यांत तिच्या पुढच्या नावा वाटेतच बंद पडल्या म्हणूनच ती इथवर पोचली होती. घाटावर बाबालालची बायको जैनबी पांढरा रुमाल घेऊन उभी होती.

पिवळी आणि तांबडी बरोबरीने सुटल्या. थोड्याच वेळात पिवळी हातभर पुढे गेली. मडके जवळ आले. आता वळसा घालून परत येणे, एवढेच उरले होते.

नेमकी तेव्हा जैनबीची नजर पिवळ्या नावेवर पडली. तिची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. जैनबीने हाक मारली, पण मोटरींच्या आवाजात ती बंधाऱ्यापर्यंत जाणार कुठून? दिगंबरच्या नावेसाठी रुमाल घेऊन कोणी उभे नव्हते. तिच्या हातात होता तो तिच्या नवऱ्याच्या नावेचा रुमाल. तो वर केला तर नवऱ्याची शर्यत गेली, हे तिला पक्के ठाऊक होते.

तिने रुमाल वर केला. दुसऱ्या हाताचे बोट पिवळ्या नावेवर रोखले आणि नाव जाईल तिकडे ते फिरवत राहिली.

बाबालालने रुमाल पाहिला आणि रिमोटच्या खटक्यावरचे बोट तत्काळ उचलले. तांबडी नाव जागीच थांबली. मग त्याला बायकोचे बोट कुठे आहे ते दिसले. तो शेजारी उभ्या असलेल्या दिगंबरकडे वळला. वर्षभरात तो त्याच्याशी प्रथमच बोलत होता.

"कासारशेठ, धार तुमची गेलीय. माझी नाही."

दिगंबरने ऐकले. पिवळी नाव वळसा घालून त्याच्याकडेच सुसाट येत होती. तांबडी थांबलेली, निळी लांब मागे. शर्यत त्याच्या खिशात होती. एवढे अंतर तर डबी सहज काढेल, असे मन म्हणाले. हा मला मुद्दाम थांबवतोय, असेही मन म्हणाले. ते मन गेल्या वर्षीचेच होते.

मग त्याची नजर तांबड्या नावेवर गेली. ती वाऱ्यावर नुसती डुलत होती. ज्याला लबाडी करायची असते तो आपली शर्यत आधी बुडवत नाही, हे दिगंबरला तेव्हा दिसले. फसवणारा माणूस एवढे घालवून बसेल कशाला?

त्याने बोट उचलले. पिवळी नाव बंधाऱ्याच्या अलीकडे मंदावली आणि थांबली.

दोन्ही नावांच्या मधून आप्पा गुरवांची निळी नाव सावकाश आली आणि जिंकली. आप्पांनाच आधी खरे वाटेना. "अहो, मी शुद्धीवर आहे ना?" असे ते शेजाऱ्याला विचारत राहिले.

नावा आणायला दिगंबर आणि बाबालाल एकाच होडीतून गेले. दिगंबरने पिवळ्या नावेचे झाकण काढले आणि डबीवर बोट टेकवले. चटका बसला. पण जळका वास नव्हता. नाव उलटी केली, तर तळाच्या भोकात शेवाळाचा एक हिरवा धागा अडकलेला. त्याने तो ओढून काढला आणि बाबालालसमोर धरला.

"गेल्या वर्षीही हेच झालं असेल," तो म्हणाला.

"असेल," बाबालाल म्हणाला.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. मला माफ करा."

"ते होईल. आधी डबी गार होऊ द्या."

डबी गार झाली. दिगंबरने झाकण लावून नाव पाण्यात सोडली आणि भीत भीत खटका दाबला. मोटर फिरू लागली, नाव निघाली आणि तिच्या बाजूने पाण्याची बारीक धार उन्हात चमकली. होडीतून ती दिगंबरला अगदी जवळून दिसली. इतकी वर्षे नाव चालवून त्याने पळत्या नावेची धार कधी पाहिलीच नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि ते बाबालालपासून लपवावेत असेही त्याला वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुमती स्वतः जाऊन जैनबीला दुकानात घेऊन आली. दिगंबरने लाकडी पाट मांडला आणि दुकानातल्या सर्वांत चांगल्या बांगड्या काढल्या.

"भाभी, रुमाल वर केला तर बाबालालभाईंची शर्यत जाणार, हे तुम्हाला माहीत होतं ना?" त्याने विचारले.

"होतं की," जैनबी म्हणाली. "पण धार गेलेली दिसली. दिसल्यावर गप्प कसं राहायचं?"

दिगंबरने तिचा रुमाल वर करणारा तोच हात हातात घेतला आणि एकेक बांगडी हलकेच चढवली. इंदुमती शेजारी बसून धार कशी ओळखायची, ती बारीक होऊ लागली की कशी दिसते, हे जैनबीला विचारून घेत होती. या वेळी दिगंबरने तिला अडवले नाही. उलट, "नीट विचारून घे, पुढच्या रविवारी तूच घाटावर आहेस," असे म्हणाला. डबी जास्त तापवणारा मोठा पंखाही त्याने सकाळीच काढून टाकला होता.

बांगड्या भरून झाल्या की बाईने कासाराला नमस्कार करायचा, अशी जुनी रीत आहे. जैनबी हात जोडायला गेली. पण तिच्याआधी दिगंबरनेच पाटासमोर वाकून तिला नमस्कार केला.

तात्पर्य: आपल्या नावेची जी बाजू आपल्याला दिसत नाही ती दुसऱ्याला दिसते, तो वेळेवर थांबवतो तेव्हा त्याचे ऐकावे आणि त्याचे उपकार मनापासून मानावेत.