कड्यावरचा दोर

लहानपणी मी कड्याच्या धारेवर ताणलेला दोर करकरताना ऐकला. त्याच्या टोकाला माणूस होता. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून ही गोष्ट मी हळूच सांगतो.

फार पूर्वी, उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कड्याला आग्या मोहोळ लागे. गावाची रीत अशी, की ज्याने मधाला उतरायचं त्याने आपला दोर आपणच वळायचा. अंबाडीच्या सालीतून काढलेल्या वाखाचा, रोज हातभर, वर्षभर.

त्या गावात एक तरुण होता. त्याचा बाप त्याच कड्यावरून पडून गेला होता. "बापाचं राहिलेलं मोहोळ मी काढीन," असं तो चावडीवर सांगे. लोक माना डोलवत. पण घरी वाख हातात घेतला की त्याला दरी दिसे. तळव्यांना घाम फुटे. मग तो म्हणे, "उद्या दोन हात वळू."

त्याला थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. ती एकदा म्हणाली, "भाऊ, भीती वाटते तर नको जाऊस. कुणी हसणार नाही."

"मला कसली भीती? आक्का, तू आपल्या भाकरी भाज."

हा ऐकायचा नाही, हे तिने ओळखलं. बाप पडला तेव्हा तिने धारेवरून खाली पाहिलं होतं. भाऊ बाहेर गेला की ती दोर वळायला बसू लागली. रोज हातभर. तिचे तळवे फाटले. दोर वाढत गेला. भावाने ते पाहिलं, पण विचारलं नाही. लहर आली की तोही दोन-चार हात वळी, गप्पा मारत, सैलसर.

मधाचा दिवस आला. गाव माथ्यावर जमलं. दोर झाडाला बांधला. म्हाताऱ्या पाटलाने रीतीप्रमाणे विचारलं, "दोर कुणी वळला?"

"मीच. सगळा."

बहिणीने मान खाली घातली.

तो उतरला. दहा हात, वीस हात. खाली धुकं, समोर काळं मोहोळ, कानाशी माश्यांची घोंघों. तेवढ्यात दोराला हिसका बसला. त्याने वर पाहिलं. डोक्यावर एका जागी पीळ उलगडत होता. तीन पेडांपैकी एक तुटला. ती जागा त्याने ओळखली. सणाच्या दिवशी हसत-खिदळत वळलेला तो हातभर दोर त्याचाच होता. त्याच्या वरचा आणि खालचा पीळ लोखंडासारखा होता, आणि तो त्याचा नव्हता.

दुसरा पेड सुटला.

"आक्का, ओढ," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिने दोर मनगटाला गुंडाळला. मागून गावाने हात लावला. तो वर आला तेव्हा एकच पेड उरला होता.

कुणीतरी म्हणालं, "वाघ उतरला होता, मांजर वर आलं." लोक हसले.

पाटलाने तुटकी जागा चाचपली. "हा सैल पीळ कुणाचा रे?"

आता दरीपेक्षा तरुणाला त्या हसण्याची भीती वाटली.

"आक्काचा," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो. तिनेच हात घातला."

सगळे बहिणीकडे वळले. तिने मनगटाचा वेढा सोडवला. भावाकडे एकदा पाहिलं, आणि ती एकटीच उतरणीला लागली.

लेकरांनो, मोठं व्हायची इच्छा तोंडाने पुरी होत नाही. रोज हातभर काम आपल्या हाताने करणाराच स्वतःच्या नजरेत उभा राहतो.