शेनपडू पंचाला मोकळे करण्याबाबत

विषय : मौजे शेवरवाडे येथील पाटाच्या मुखाशी असलेल्या काळ्या दगडाबाबत.

संदर्भ : हिलाल आप्पा देवरे, वय वर्षे ब्याऐंशी, यांनी जागेवर उभे राहून सांगितलेली हकीकत. लेखी पुरावा उपलब्ध नाही.

उपरोक्त दगड खानदेशातल्या एका लहान नदीच्या काठी आहे. नदीवर जुना बंधारा आहे आणि बंधाऱ्यातून पाट निघतो. पाट सहा हात रुंद, पाणी गुडघ्याइतके. अलीकडे गाव, पलीकडे शेते. गावाच्या बाजूला, पाटाच्या अगदी तोंडाशी हा दगड कमरेइतका उंच उभा आहे. मागून पाहिले तर घोंगडी पांघरून बसलेला माणूस वाटतो. पुढून पाहिले तर काहीच वाटत नाही. आप्पा म्हणाले, पूर्वी पुढूनही वाटायचे.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आमच्या सर्वांच्या सावल्या जमिनीवर लांबच लांब पडल्या होत्या. दगडाची पडली नव्हती. मी दोनदा जागा बदलून पाहिले.

आमच्यासोबत आमच्या शहराचे एक नगरसेवक होते. चौथ्यांदा निवडून आलेले. त्यांनी दगडावर हात ठेवून विचारले, "आप्पा, टेकू का जरा?"

"टेका की साहेब. उठायचं तुमचं तुम्ही बघा."

नगरसेवक हसले. उभेच राहिले.

आप्पांनी सांगितले ते असे. फार पूर्वी, गावात सरकारी कागद येण्याच्याही आधी, पाण्याचा पंच गावच निवडत असे. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे पंच पाटाच्या तोंडाशी बसून ठरवी. मुदत तीन वर्षांची. पौष अमावास्येला सकाळी सारे शेतकरी अलीकडच्या काठावर जमत. ज्याला नवा पंच हवा, त्याने पाटात उतरून पलीकडे जायचे. निम्म्याहून जास्त माणसे पलीकडे गेली की जुन्या पंचाने उठायचे, स्वतःही पाट ओलांडायचा आणि हातातले फावडे नव्या माणसाला द्यायचे. तेवढे झाले की तो मोकळा.

पद्धत चांगली होती. दोष एवढाच, की पौषात पाणी बर्फासारखे असते आणि बदल हवा असलेल्यालाच त्यात उतरावे लागते. ज्याला काहीच नको, त्याचे पाय कोरडे राहतात.

शेनपडू नावाचा माणूस पंच झाला तेव्हा पस्तिशीत होता. बायको वारलेली, पदरात मथुरा नावाची एकच मुलगी. माणूस सरळ होता. त्याच्या पहिल्या तीन वर्षांत पाण्यावरून एकही डोके फुटले नाही. गावाला याची सवय नव्हती. अमावास्येला कोणी पाटात उतरले नाही. पुढच्या खेपेलाही नाही. पाणी गार होते हे एक कारण, आणि इतक्या चांगल्या माणसासमोर पहिला पाय कोणी भिजवायचा हे दुसरे.

असे म्हणतात, की पंच झाल्याच्या अठराव्या वर्षी शेनपडूला फावडे लागेनासे झाले. तो बोट दाखवी आणि पाणी तिकडे वळे. गावकरी खूश झाले. पंधराव्या वर्षापासून तो घरी झोपायला जात नव्हता, याचा त्यांनी फारसा विचार केला नाही. मथुरा भाकरी घेऊन येई. चोविसाव्या वर्षी तो भाकरी खाईनासा झाला. ती त्याचे पाय चेपायला बसे तेव्हा पोटऱ्या गार लागत. नखांवर शेवाळ धरले होते. तिने ते खरवडून काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते.

सत्ताविसाव्या वर्षी शेनपडू स्वतःच बोलला. "मला मोकळा करा. मुलीच्या हातची भाकरी घरात बसून खायची आहे. यापुढे बसलो तर उठणं व्हायचं नाही."

गाव गहिवरले. "आबा, आमनं काय चुकनं?" म्हाताऱ्या पाटलांनी विचारले. "तुमच्यासारखा माणूस कुठून आणायचा? एवढी तीन वर्षं काढा. मग बघू."

मग बघू हा ठराव कोणत्याही गावात एकमताने मंजूर होतो. तिथेही झाला.

तिसाव्या वर्षाची अमावास्या आली. शेनपडूने तेच मागणे पुन्हा मांडले. आवाज आता दुरून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. सारे खाली मान घालून उभे राहिले. ज्याचे त्याचे एकच म्हणणे होते, की दुसऱ्याने आधी उतरावे. हवा इतकी स्तब्ध होती, की पाटाचे पाणी वाहत असूनही त्याचा आवाज येत नव्हता.

मथुरा लुगडे खोचून पाटात उतरली. पलीकडे जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "मी आले पलीकडे! आता या ना कोणी!"

पाटील म्हणाले, "बाईचा पाय मोजायचा नसतो, माय. ये परत, सर्दी होईल."

ती परत आली आणि बापाचा हात धरून ओढू लागली. "दादा, ऊठ ना आता. घर चाल." हात जडशीळ होता. त्याच्या आत काहीतरी वाहत होते, तळव्याकडून कोपराकडे, पाटासारखे संथ. तिने त्याच्या छातीला कान लावला. पाण्याचा आवाज हवेतून गेला होता तो तिथे होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, "चला तर मग. शेनपडू आबा बिनविरोध." लोकांनी हात जोडले आणि कोरड्या पायांनी घरी गेले. ऊन वर आले तेव्हा पाटाच्या तोंडाशी दगड होता. मथुरा एकटी गावात आली. वाटेत भेटलेल्यांनी पाहिले, तिच्या पायाशी दोन सावल्या होत्या. एक तिची, दुसरी घोंगडी पांघरलेल्या माणसाची. मरेपर्यंत त्या दोन्ही तिच्याबरोबर होत्या म्हणे. घरात दोन ताटे वाढली जात. दुसऱ्या ताटातली भाकरी संपे की नाही, हे आप्पांना मी विचारले. त्यांनी वाकून दगडावरचे शेवाळ नखाने खरवडले.

इथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. पंच दगड झाला म्हणून गावाने पंच बदलला नाही. पाणी ठरल्या शेतांना ठरल्या क्रमाने जात होते, मग तक्रार कशाची? तीन वर्षांनी दगड बिनविरोध निवडून आला. दगडाला निदान दर निवडीला नवी पगडी द्यायचा खर्च नाही, असेही कोणी म्हणाले म्हणतात.

पुढच्या वैशाखात पाणी एका शेतावर थांबले. त्या दिवशी पाळी होती पाटलांची. दुसऱ्या दिवशीही पाणी तिथेच. लोकांनी बांध फोडले, चर खणले, माती टाकली. पाणी मातीवर चढून पाटलांच्याच शेतात जाई. तिथला ऊस उभ्याने कुजला आणि बाकीच्यांचा वाळला. पाटील दगडासमोर लोळण घेऊन म्हणाले, "आबा, आता दुसरीकडे बोट करा." पण बोट उरले कुठे होते?

मग अमावास्येची वाट न पाहता, भर वैशाखात सारा गाव पाटाकाठी जमला. पाणी तेव्हा कोमट होते. मथुराने पाटलांकडे पाहिले आणि विचारले, "आज माझा पाय मोजाल का?" पाटील म्हणाले, "आधी तुझाच मोजतो." ती उतरली. मागोमाग पाटील उतरले, मग पुरुष, बाया, कडेवरची पोरे. अलीकडे एकटा दगड राहिला. पाणी हळूच वळले आणि पाळीप्रमाणे पुढच्या शेताला लागले.

एवढे झाले तरी शेनपडू उठला नाही. सत्ताविसाव्या वर्षी उठला असता.

त्यातून पेच झाला तो असा. जुना पंच पाट ओलांडून फावडे देत नाही तोवर तो पदावरून उतरत नाही, असा नियम. त्यामुळे त्यानंतर जेवढे पंच झाले तेवढे सगळे हंगामी. कोणीही दोन खेपांपेक्षा जास्त राहत नाही आणि काम बसून करत नाही. गेल्या पिढीत रामकोर नावाच्या बाई पंच होत्या. फार चांगल्या. तिसऱ्या खेपेला लोक रडले, पण रडत रडत पाण्यात उतरले. त्याही उतरल्या आणि घरी जाऊन पंधरा वर्षे नातवंडांत राहिल्या.

परतताना नगरसेवकांनी आप्पांना बाजूला घेऊन विचारले, "लोक कामं झाली म्हणून निवडून देतात. त्यात माणसाचा काय दोष?"

"काहीच नाही, साहेब," आप्पा म्हणाले. "शेनपडूचाही नव्हता."

आजही दर तिसऱ्या वर्षी पौष अमावास्येला सकाळी गाव पाटाकाठी जमते. नव्या पंचाची निवड दुसऱ्या क्रमांकावर असते. पहिला विषय हिलाल आप्पा मोठ्याने वाचतात : शेनपडू पंच यांस मोकळे करणे. सारे पाण्यात उतरतात, पलीकडे जाऊन दगडाकडे तोंड करून उभे राहतात आणि ऊन पाण्यावर येईपर्यंत थांबतात. त्यानंतर विषय पुढील बैठकीवर ठेवून दुसरा विषय घेतला जातो.

मागील बैठक गेल्या पौषात झाली. उपस्थिती पूर्ण होती. विरोधात कोणी नव्हते. अर्ज प्रलंबित आहे.