धण्याच्या पाण्याची पैज

चावडीशेजारी बायकांसाठी संडास बांधला, नारळ फोडला आणि कुलूप ठोकलं. आत सरपंच हणमंततात्यांची खताची पोती, किल्ली त्यांच्या खिशात. बायका उजाडायच्या आधी रानात जाऊन यायच्या, मग थेट अंधार पडेपर्यंत कळ काढायच्या.

सातव्या महिन्यातल्या शालनला लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप भरला. नर्सबाईंनी औषध दिलं आणि बजावलं, "भरपूर पाणी पी, लघवी तुंबवू नकोस." बरं वाटताच शालननं ग्रामसभेत किल्ली मागितली.

तात्या हसले. "पोरी, ही उन्हाळी. गरोदर बाईला अंगातल्या उष्णतेनं लागायचीच. धण्याचं पाणी पी. तुंबवल्यानं कुणाला काही होत नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांनीही जन्मभर हेच ऐकलं होतं.

"मग तुम्हीच दाखवा की," शालन म्हणाली. "धण्याचं पाणी प्या आणि दिवस मावळेपर्यंत जागचे हलू नका. हललात तर किल्ली माझी."

भरसभेत माघार कशी घ्यायची? तात्यांनी दोन तांबे रिचवले. तासाभरात ते मांडी बदलू लागले. मग घाम फुटला. शेवटी धोतर सावरत उठलेच.

"काय तात्या, उष्णता झाली?"

"अगं, नाही धरवत आता!"

"तुमच्या पोटात नुसतं पाणी आहे," शालन म्हणाली. "माझ्या पोटात वरून लाथा मारणारं पोर आहे, तरी मी रोज धरते. जा तुम्ही. पण किल्ली इथं ठेवून जा."