पाणवठ्याची फाईल पुसता येत नाही

करंजवनात फार वर्षांपूर्वी, म्हणजे तळ्यात कमळं होती आणि मंत्र्यांना थोडी लाज होती तेव्हा, हुकूम झाडाच्या सालीवर खरडले जायचे. हुकूम नकोसा झाला की त्यावर वाळवी सोडायची. दोन दिवसांत काम चोख. वाळवी कधी कारण विचारत नसे. छान दिवस होते.

मग कॉम्प्युटर आला, कारभार पारदर्शक झाला आणि पंचाईत सुरू झाली.

राज्यावर तेव्हा तरस होता. तो सारखा हसायचा, म्हणून प्रजा त्याला प्रेमळ समजे. प्रधानकी घोरपडीकडे होती, कारण एकदा खुर्चीला चिकटली की ती सुटत नसे. एके सकाळी तरसाने हेडक्लार्क दामू साळिंदराला बोलावलं.

"दामू, ती पाणवठ्याची फाईल काढून टाक."

फाईल जुन्या राजाच्या काळची. तिच्यात एकच ओळ होती: नदीचा उत्तर काठ सर्व जनावरांना पाणी पिण्यासाठी कायम मोकळा राहील. आता तो काठ मगरीला जलविहारासाठी द्यायचा ठरला होता. लहान जनावरांना पाणी प्यायला दुसरी जागा नव्हती, पण मगरीने विकासाची हमी दिली होती.

दामूने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: ‘ही फाईल दुसरीकडे उघडलेली आहे. पुसता येणार नाही.’

"बंद करून चालू कर," घोरपड म्हणाली. तीनदा केलं. अक्षरं तीच.

"कोण उघडून बसलंय?" तरस हसत म्हणाला. तो रागातही हसायचा.

दामू शोधत नागरिक खिडकीपाशी गेला. तिथल्या कॉम्प्युटरसमोर भागा सशीण विटेवर बसून वाचत होती.

"भागामावशी, झालं का वाचून?"

"वाचतेय रे."

"अगं, एकच ओळ आहे!"

"हो ना. पण ‘कायम’पाशी अडलेय. तेवढं समजलं की उठते. माझी सहा पिल्लं त्या काठावर पाणी पितात, नीट वाचायला नको?"

वाचणाऱ्याला खिडकीवरून उठवायचं नाही, हा नियम तरसानेच पारदर्शकता सप्ताहात हार घालून घेऊन केला होता.

"मग नियम मोड," घोरपड म्हणाली.

"मोडतो की. पण तशी टिपणी लिहावी लागेल."

टिपणी म्हटली की सोबत मूळ फाईलची प्रत जोडायची आणि नऊही खात्यांची ना हरकत घ्यायची, ही कचेरीची रीत. दामूने नऊ प्रती काढून नऊ खात्यांना पाठवल्या. नेमकी कशाला हरकत घ्यायची नाही हे पाहायला नऊही खात्यांनी फाईल उघडली. आता ती दहा ठिकाणी उघडी होती. त्या नऊ प्रती पुसायला दामूने नऊ नव्या टिपण्या लिहिल्या आणि रीतीप्रमाणे प्रत्येकीला नऊ प्रती जोडल्या. सोमवारपर्यंत हवामान खात्यातल्या घुबडालाही उत्तर काठ आपला आहे हे कळलं होतं.

तरसाने फाईल निर्मूलन मंत्रालय काढलं. सभा घेतली.

"चार पायांच्या बंधूंनो, दोन पायांच्या भगिनींनो! सत्तर वर्षांत जे पुसलं गेलं नाही, ते मी पुसणार! एक जंगल, एक फाईल, तीही रिकामी!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवून जनावरं तोंडात फाईलची एकेक प्रत धरून उत्तर काठावर पाणी प्यायला गेली. मगरीने रडून दाखवलं.

मग आठवड्याभरात तरसाचे फलक लागले: ‘पाणवठ्याची फाईल मीच जपली.’ फाईलवर त्याचा हसरा फोटोही आला.

भागा विटेवरून उठली. "अर्थ समजला का मावशी?" दामूने विचारलं.

"समजला. ‘कायम’ म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत. म्हणून या खेपेला मत तरसाच्या विरोधात."

काठावरच्या सगळ्यांनीच तसं ठरवलं. दुर्दैवाने मोठ्याने बोलून ठरवलं.

मतदानाच्या दिवशी यादी घेऊन दामूच बसला होता.

"मावशी, तुझं नाव नाही."

"परवा तर होतं!"

"काल पुसलं. उत्तर काठाचं अख्खं पान गेलं."

"मग टिपणी? नऊ खात्यांची ना हरकत?"

दामूने काटे मिटून घेतले. "ते फाईल पुसायला लागतं गं. मतदार पुसायला काही लागत नाही."

तरस मोठ्या बहुमताने निवडून आला. फाईल आजही शाबूत आहे, कोणालाही पाहता येते. उत्तर काठ सर्व जनावरांना मोकळा आहे. यादीप्रमाणे तिथे सध्या एकच जनावर राहतं, मगर.